फेरीमागे मासा मिळतो, म्हणून साठा शाबूत असतो का?

ट्रॉलर (मोठे जाळे ओढणारी मासेमारी जहाजे) प्रत्येक फेरीला भरून येत होते, तेव्हा कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील न्यूफाउंडलंडचा कॉड मासा संपत चालला आहे हे कोणाला कसे कळणार, आणि तो खरे तर थंड पाण्यामुळे घटला, असे म्हटले जाते; यातला पहिला मुद्दा मला अर्धाच पटतो. साठा घटला तरी उरलेला कॉड थोड्या जागेत थव्याने गोळा होतो आणि सोनार (ध्वनिलहरींनी मासा शोधणारे यंत्र) असलेले ट्रॉलर नेमके तिथेच जाळे ओढतात. त्यामुळे समुद्र रिकामा होत असतानाही फेरीमागची पकड चांगलीच दिसत राहते. १९८० च्या दशकातील सरकारी अंदाज या आकड्यांवर बराच भर देत होते, तर किनाऱ्यालगत लहान होड्या घेऊन जाणारे मच्छीमार मासा कमी आणि आकाराने लहान झाल्याचे सांगत होते. त्यांचे वेळेवर ऐकले गेले नाही, याचे मला फार वाईट वाटते.

राहिला थंड पाण्याचा प्रश्न. रॅन्सम मायर्स आणि जेफ्री हचिंग्ज या मत्स्यशास्त्रज्ञांनी जुन्या नोंदी तपासून १९९४ मध्ये दाखवले की ऱ्हासाचे मूळ अतिमासेमारीत होते. मासा किती वर्षांचा आहे हेही कळू शकते: कॉडच्या कानात खड्यासारखा एक कठीण तुकडा असतो. तो कापून भिंगाखाली धरला की झाडाच्या खोडासारखी वर्षांची वलये मोजता येतात. या भागातली मादी अंडी घालण्याजोगी व्हायला पाच-सहा वर्षे तरी लागतात, त्यामुळे मोठे मासे संपल्यावर कोवळे मासे जाळ्यात येऊ लागणे म्हणजे पुढची पिढीच उचलणे होते. जुलै १९९२ मध्ये दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली कॉडच्या मासेमारीवरची बंदी अधिकृतपणे उठायला २०२४ उजाडले.