मदत हवी आहे: बाबांच्या पायाचा रक्तपुरवठा कमी आहे, ते नक्की किती चालू शकतात हे कसं मोजायचं?

नमस्कार मंडळी, इथे कोणी फिजिओ किंवा डॉक्टर असतील किंवा घरात असा पेशंट असेल तर प्लीज सांगा.

बाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत, शुगर बरीच वर्षं आहे, तंबाखू आता पूर्ण बंद. दिवाळीपासून चालताना डावी पोटरी भरून येते, थांबले की दोन-तीन मिनिटात बरं वाटतं, परत चालायला लागलं की परत तेच. डॉप्लर केला, एबीआय पण काढला, म्हणजे घोट्याचं बीपी भागिले दंडाचं बीपी, तो डावीकडे ०.६८ आलाय. ०.९० च्या खाली म्हणजे पायाच्या रक्तवाहिन्यांत ब्लॉकेज असं सांगितलं. गोळ्या सुरू आहेत, रोज चालायला सांगितलंय आणि पुढच्या व्हिजिटला चालणं किती सुधारलं ते बघून अँजिओग्राफीचं ठरवणार आहेत.

आता अडचण अशी की किती चालतात हेच कळत नाहीये. डॉक्टरांनी विचारलं की बाबा म्हणतात "दीड-दोन किलोमीटर आरामात". पण परवा मी त्यांच्याबरोबर लक्ष्मी रोडला गेले होते, कुंटे चौकातून तुळशीबागेत जाईपर्यंत ते कितीदा तरी थांबले, प्रत्येक वेळी कुठल्यातरी दुकानाच्या काचेसमोर. सगळा भार उजव्या पायावर, डाव्या चपलेची टाच किंचित उचललेली आणि बोलणं एकदम बंद. पर्वतीच्या १०३ पायऱ्या न थांबता चढणारा माणूस आहे हो हा, दुखतंय म्हणून तोंडाने सांगणारच नाही.

हॉस्पिटलमध्ये ट्रेडमिलवर चालवलं तर दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरून छान चालले आणि रिपोर्टमध्ये तेच आलं. मग खरं काय धरायचं? सहा मिनिटांची चालण्याची टेस्ट असते म्हणतात ती घरी करता येते का? आणि दुखत असताना चालू द्यावं का?

प्रतिसाद १
ताई, मी फिजिओ आहे. दांडा धरला की अंगाचा भार हातांवर जातो आणि आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो, त्यामुळे त्या रिपोर्टवर अडून राहू नका. अशा पेशंटसाठी ट्रेडमिलची पद्धतच वेगळी असते, वेग ताशी ३.२ किमीवर कायम आणि दर २ मिनिटांनी चढ २ टक्क्यांनी वाढवत नेतात, दांड्याला फारतर बोटं टेकवून. तुमच्याकडे कुठली वापरली ते विचारून घ्या.

सहा मिनिटांची टेस्ट रोजच्या चालण्याच्या जास्त जवळची आहे. सपाट सरळ ३० मीटरची जागा, दोन टोकांना खुणा, आणि सहा मिनिटांत जमेल तितक्या येरझाऱ्या. मध्ये थांबलं तरी चालतं पण घड्याळ थांबवायचं नाही, खुर्ची जवळ ठेवा. दोन आकडे लिहायचे, पोटरी पहिल्यांदा कितव्या मीटरला दुखली आणि एकूण किती मीटर झाले. तुम्ही बरोबरीने चालू नका, नाहीतर ते तुमचा वेग पकडतील, जरा मागे राहा. दर वेळी तीच जागा, तेच बूट, साधारण तीच वेळ. २०-३० मीटरचा फरक पडला तर तो दखल घेण्यासारखा. पण आधी हृदयाचं डॉक्टरांना विचारा, छातीत दुखणं किंवा धाप असेल तर घरी करूच नका.

दुखत असताना चालण्याबद्दल, व्यायाम म्हणून तसंच चालवतात. मध्यम दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं पूर्ण गेलं की परत चालायचं, असं ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून तीनदा तरी, निदान १२ आठवडे. फक्त रात्री पडल्यावर पाऊल दुखणं, पाय पलंगाखाली सोडला की बरं वाटणं किंवा बोटाची जखम न भरणं असं काही दिसलं तर पुढच्या व्हिजिटची वाट बघू नका. पाय अचानक गार आणि पांढरा पडला तर सरळ इमर्जन्सी.

प्रतिसाद २
माझ्या सासूबाईंचं असंच पोटरीचं दुखणं शेवटी कमरेच्या मणक्यातून निघालं. त्यांना नुसतं उभं राहून बरं वाटायचं नाही, बसावं किंवा वाकावं लागायचं. तुमचे बाबा उभ्याउभ्या बरे होतात म्हणजे रक्तपुरवठ्याचंच वाटतंय, तरी डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. शुगरवाल्यांच्या रक्तवाहिन्या कडक होतात म्हणून एबीआय कधीकधी उगाच चांगला दिसतो, मग पायाच्या अंगठ्याचं प्रेशर बघतात, तेही विचारा.

आणि त्यांना "किती चालता" असं विचारूच नका. वाण्यापर्यंत जाताना किती त्रास होतो, एक मजला चढताना, सिग्नल सुटल्यावर भरभर रस्ता ओलांडताना, असं एकेक विचारा. अंतर, वेग आणि जिने असे तिन्ही विचारणारी प्रश्नावली डॉक्टर लोकही वापरतात.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार, हृदयाचं उद्याच फोन करून विचारते. एकच शंका, आमच्या पार्किंगमध्ये सरळ जागा जेमतेम १८ मीटर आहे, चालेल का?

प्रतिसाद १
चालेल, पण मग दर वेळी तीच. वळणं जास्त झाल्यामुळे आकडा थोडा कमी येणार, म्हणून हॉस्पिटलच्या आकड्याशी तुलना करू नका, घरच्याची घरच्याशीच करा. वहीत जागेची लांबी पण लिहून ठेवा आणि ती वहीच डॉक्टरांना दाखवा.