प्राण्यांना छळणाऱ्यांची सरकारी यादी कुठे बघायला मिळते? अर्जंट मदत हवी आहे

मनीमाऊ
नमस्कार, पटकन सांगा कोणीतरी. प्राण्यांना मारहाण केलेल्या लोकांची यादी ऑनलाइन कुठे असते? अमेरिकेत नाव टाकलं की फोटोसकट माणूस येतो म्हणे. आपल्याकडची लिंक हवी आहे. गूगल करून डोकं उठलंय, सगळीकडे नुसते निबंध. रविवारच्या आत पाहिजे. आणि प्लीज, 'भारतात काही होणार नाही' टाइप प्रतिसाद नकोत.

खडूस_काका
भारतात काही होणार नाही.

टेनेसीकर
मी टेनेसी राज्यात नॅशव्हिलजवळ राहतो. इथे आहे अशी यादी, १ जानेवारी २०१६ पासून, राज्याची तपास यंत्रणा टीबीआय ती वेबसाइटवर ठेवते. पहिल्यांदा दोषी ठरला तर दोन वर्षं नाव राहतं, परत केलं तर पाच. पण अख्ख्या अमेरिकेची एक यादी नाही हां, हा गैरसमज आहे. न्यूयॉर्कच्या सफोक काउंटीने २०१० मध्ये पहिल्यांदा असा कायदा केला, मग कुठे काउंटीची, कुठे राज्याची असं चालू आहे. आम्ही कुत्रं घेतलं तेव्हा शेल्टरवाल्या बाईने आमचं नाव तपासलं, बायको म्हणाली लग्नाच्या वेळी माझ्या बाबांनी एवढी चौकशी केली नव्हती.

कोर्टाची_पायरी
आपल्याकडे अशी यादी नाही. पण ताई, तुम्हाला नक्की काय करायचंय? शहर कुठलं? त्या माणसाला शिक्षा झालीय की नुसती तक्रार आहे?

मनीमाऊ
पुणे. शिक्षेचं मला काय माहीत, तेच तर बघायचंय ना! आम्ही मांजरीची पिल्लं अडॉप्शनला देतो. एकजण रविवारी दोन पिल्लं न्यायला येतोय. बोलायला एकदम गोड. त्याच्या आधीच्या सोसायटीतल्या एक काकू म्हणाल्या की याने जिन्यात मांजरीला रॉडने मारलं होतं, पोलिसात पण गेलं होतं प्रकरण.

बोकोबा
पिल्लं दोन महिन्यांची झाली असतील तर लिटर ट्रेनिंग करूनच द्या. ट्रेमध्ये बारीक वाळू, जेवण झालं की लगेच नेऊन बसवायचं. आमच्या तिघी अशाच शिकल्या.

कोर्टाची_पायरी
'पोलिसात गेलं' म्हणजे एफआयआर की एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रारीची नुसती नोंद? फरक मोठा आहे. ईकोर्ट्सवर, म्हणजे कोर्टांच्या सरकारी साइटवर, पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकून केस शोधता येते, पण केस कोर्टात गेली असेल तरच. एफआयआर पोलिसांच्या साइटवर बघायला मिळतात. एनसी असेल तर यातलं कुठेच काही दिसणार नाही, आणि मारहाणीच्या तक्रारीची बहुतेक वेळा एनसीच होते कारण प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्याचं कलम ११ बरंचसं अदखलपात्र आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये.

शेपूट_सरळ
पन्नास रुपये!! वडापाव आणि चहात जातात हो तेवढे. म्हणूनच यादी पाहिजे. फोटो चौकात लावा, बघा कसे सुतासारखे सरळ येतात. मनीमाऊ, त्याचा फोटो नंबर सगळ्या ग्रुपवर टाकून द्या, आम्ही फॉरवर्ड करतो.

कोर्टाची_पायरी
अजिबात टाकू नका. शिक्षा झालेली नाही, तुम्ही ऐकीव गोष्टीवर लिहिणार, मग अब्रुनुकसानीची केस तुमच्यावर. तो राहील बाजूला.

टेनेसीकर
इथेही यादीवर एकमत नाहीये. एएसपीसीए म्हणजे प्राण्यांसाठीच काम करणारी मोठी संस्था, तीच म्हणते की याद्यांचा उपयोग मर्यादित आहे, त्यापेक्षा कोर्टाने प्राणी पाळायलाच बंदी घालावी. टेनेसीच्या यादीत नावंही मोजकीच आहेत.

शेपूट_सरळ
मोजकी का होईनात, आहेत ना? आपल्याकडे शून्य. २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीचा मसुदा काढला होता, क्रूर प्रकाराला तीन वर्षांपर्यंत कैद वगैरे, त्याचं काय झालं?

कोर्टाची_पायरी
मसुदाच राहिला. आणि पाळायला बंदी आपल्याही कायद्यात आहे, कलम २९. दोषी ठरलेल्या माणसाला प्राणी ठेवायला कोर्ट मनाई करू शकतं, अगदी कायमचीसुद्धा. पण आधी दोषी ठरायला पाहिजे ना! शिक्षाच होत नसेल तर यादीत लिहिणार कोणाला?

खडूस_काका
आणि ते कबुतरांना दाणे टाकतात त्यांची यादी कोण करणार? आमच्या बाल्कनीत पाय ठेवता येत नाही.

बोकोबा
काका, कबुतरांसाठी वेगळा धागा काढा हो. मनीमाऊ, मी गेली कित्येक वर्षं पिल्लं देतोय. यादीच्या नादी लागूच नका. फॉर्म भरून घ्या, त्याच्या घरी जाऊन बघून या, नसबंदीची अट लेखी घ्या. पिल्लं त्याला न्यायला देऊ नका, आपण नेऊन द्यायची. ज्याच्या मनात काही असतं तो घरी या म्हटलं की गायब होतो.

शेपूट_सरळ
गोड बोलणारा माणूस घरी चहा पण पाजेल. मग?

कोर्टाची_पायरी
मारहाण कधीची आहे? हे दोनदा विचारायला लावू नका. १९६० च्या कायद्याखाली तीन महिन्यांच्या आत खटला दाखल व्हावा लागतो.

मनीमाऊ
काकूंना फोन केला. गणपतीतली गोष्ट आहे. एनसीच आहे, कागद आहे त्यांच्याकडे. आणि त्या माणसाला मी नाही म्हणून कळवलं, घरी बघायला येऊ का विचारलं तर म्हणाला पाहुणे आहेत.

बोकोबा
बघा.

कोर्टाची_पायरी
गणपती म्हणजे तीन महिने उलटले. मग बीएनएस, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ बघावं लागेल. प्राण्याला मारून टाकणं किंवा कायमचं जायबंदी करणं, पाच वर्षांपर्यंत शिक्षा, दखलपात्र आहे आणि तीन महिन्यांची अट त्याला नाही. मांजर जगली का? पाय कायमचा गेला असेल तर व्हेटकडून तसं लेखी हवं.

मनीमाऊ
जगली, मागचा एक पाय कापावा लागला. व्हेटचा कागद आहे पण त्यावर जिन्यावरून पडली असं लिहिलंय. तेव्हा तो शेजारीच राहायचा, काकूंनी घाबरून तसं सांगितलं.

कोर्टाची_पायरी
अरे देवा. एक्स-रे असेल तर तो शोधा, आणि पडून असं मोडतं की फटक्याने हे त्या व्हेटलाच विचारा. एनसीच्या कागदावर मारल्याचं लिहिलंय ना? काकू आता जबाब द्यायला तयार आहेत का ते आधी बघा.

मनीमाऊ
विचारते. त्यांचे मिस्टर नको म्हणतायत.