मदत हवी आहे : व्हॉइसिंग सुधारायचंय, पण तपासणार कोण?

नमस्कार मंडळी,

मी सांकेतिक भाषेची इंटरप्रीटर आहे. पदविका होऊन बरीच वर्षं झाली, काम नियमित आहे. ऐकून साइन करायला आता दडपण येत नाही. पण डेफ (कर्णबधिर) व्यक्ती साइन करतेय आणि मला ते बोलून सांगायचंय, म्हणजे व्हॉइसिंग करायचंय, अशी वेळ आली की पोटात गोळा येतो. आमच्यातल्या बऱ्याच जणांचं असंच आहे. बोली भाषांचे दुभाषे सहसा मातृभाषेत बोलताना जास्त निवांत असतात, आमचं नेमकं उलटं. वर्गात, सभेत बोलणारे बहुतेक ऐकू येणारेच, त्यामुळे हातांना भरपूर सराव मिळतो आणि आवाजाला फारच कमी.

खरी अडचण तपासणीची आहे. मी बोलते ते डेफ व्यक्तीला ऐकू येत नाही आणि समोरच्यांना साइन कळत नाही. ओघवतं पण चुकीचं बोललं तरी 'छान झालं' म्हणून लोक निघून जातात. अडखळत बरोबर बोललं, तर डेफ वक्त्यालाच नीट मांडता येत नाही असा समज होतो. इंटरप्रीटर नामानिराळा!

कार्यशाळा होतात, पण तिथे नव्या खुणा, आचारसंहितेवर भाषण आणि प्रमाणपत्र. माझा प्रश्न खुणांचा नाही. आयएसएलमध्ये (भारतीय सांकेतिक भाषेत) नकार आणि प्रश्नशब्द सहसा वाक्याच्या शेवटी येतात. लवकर तोंड उघडलं तर वाक्य मध्येच फिरवावं लागतं, थांबलं तर मागचं निसटतं. क्लासिफायर (वस्तूचा आकार, हालचाल दाखवणारे हाताचे आकार) वापरून कोणी अपघात दाखवला की विचारूच नका. कोणती गाडी कुठून आली, कशी वळली, कुठे धडकली हे सगळं हातांत एकदम दिसतं, बोलायला मात्र चार वाक्यं लागतात.

तर विचारायचंय :
१. सराव कशावर करता? कामाचं रेकॉर्डिंग गोपनीयतेमुळे शक्य नाही.
२. तपासून कोणाकडून घेता?
३. अवघड कामांबद्दल सहकाऱ्यांशी बोलता का? बोललात तर गोपनीयता कशी सांभाळता?

प्रतिसाद १
लॅगबद्दल, म्हणजे वक्त्याच्या किती मागे राहायचं याबद्दल आधी. इंटरप्रीटिंगचे अभ्यासक डेनिस कोकली यांचा १९८६ चा अभ्यास जरूर वाचा. त्यात सुमारे २ सेकंद मागे राहणाऱ्या इंटरप्रीटरच्या चुका ४ सेकंद मागे राहणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक निघाल्या होत्या. तो अभ्यास बोलण्यातून साइनमध्ये जाण्याचा होता आणि इंटरप्रीटरही मोजकेच होते, त्यामुळे आकडा पाठ करू नका. पण घाईचा तोटा तुमच्या दिशेलाही लागू पडेल असं मला वाटतं.
सरावासाठी डेफ लोकांनी स्वतःहून जाहीर टाकलेले व्हिडिओ घ्या. पहिल्यांदा नुसता बघा, बंद करा आणि आशय बोलून दाखवा. मग तुकड्या-तुकड्याने. सलग व्हॉइसिंग सर्वांत शेवटी. आपण उगाच शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतो.

प्रतिसाद २
मी डेफ आहे. तुमचा दुसरा प्रश्न आम्हालाही छळतो, माझ्या नावावर काय बोललं गेलं ते मला कळतच नाही. आमच्या गटात एक पद्धत आहे. मी साइन करतो, एक इंटरप्रीटर बोलतो, ते रेकॉर्ड होतं. मग माझं मूळ न पाहिलेला दुसरा इंटरप्रीटर ते ऐकून मला साइन करून दाखवतो. काय गळलं, काय वाढलं ते लगेच दिसतं. बहुतेक वेळा तपशील शाबूत असतात, माझा सूर हरवतो. मी चिडून सांगितलेलं गोड होऊन परत येतं.

धागाकर्ती
हे फारच कामाचं आहे, धन्यवाद दादा! पण चूक दुसऱ्या इंटरप्रीटरकडून झाली असेल तर?

प्रतिसाद २
म्हणून रेकॉर्डिंगचा लेखी उताराही काढतो. शंका आली की वाचतो. मात्र प्रत्येक डेफ व्यक्ती लेखी मराठीत सरावलेली असेलच असं नाही, म्हणून आधी साइन, मग कागद.

प्रतिसाद ३
ताई, तिसऱ्या प्रश्नासाठी रॉबिन डीन आणि रॉबर्ट पोलार्ड यांची इंटरप्रीटरच्या कामाबद्दलची डिमांड-कंट्रोल (ताण आणि हातातले पर्याय) मांडणी बघा. कामातले ताण चार गटांत पाहायचे : परिसराचे, माणसांमधले, समोरच्याच्या बोलण्याच्या किंवा साइनच्या ढबीचे आणि आपल्या स्वतःच्या मनातले-शरीरातले. आमची चर्चा 'काय घडलं' यापेक्षा 'माझ्यासमोर कोणता ताण होता, हातात कोणते पर्याय होते' यावर चालते. नाव, जागा, तारीख काहीच लागत नाही. एखादी घटना इतकी वेगळी असेल की नाव न घेताही ओळखू येईल, तर ती आम्ही काढतच नाही. डेफ समाज छोटा असतो.
आणि वरच्या पद्धतीत डेफ व्यक्तीचा वेळ जातो, तो तिच्या भाषेच्या जाणकारीचा वेळ आहे. त्याचा मोबदला पहिल्याच बैठकीत ठरवा. 'आपलेच मित्र आहेत' म्हणून फुकट नको.