चांदीची अंगठी: झाळ सांध्यात शिरत नाही, गोळी होऊन बसते

रिकामी_मूस: ९२५ (म्हणजे ९२.५ टक्के) चांदीची २ मिमी गोल तार, साधी अंगठी. ब्यूटेनचा छोटा टॉर्च, टाकणखार (बोरॅक्स), तयार हार्ड झाळ (जास्त तापमानाला वितळणारा जोडधातू). झाळ चकाकते, गोळी होते आणि एका बाजूच्या तारेवर जाऊन बसते, सांधा उघडाच. टॉर्च बदलू की झाळ?

कानस_बारीक: दोन्ही राहू द्या, आधी सांधा बघा. अंगठी उजेडासमोर धरा. फटीतून उजेड दिसला तर तिथे झाळ धरणार नाही; ती खड्डा बुजवत नाही, घट्ट फटीत शिरते. तारेची टोकं एकमेकांना टेकवा आणि बरोबर सांध्यातूनच २/० च्या (बारीक) पानाने करवत फिरवा, दोन्ही तोंडं समांतर होतात. मग टोकं एकमेकांच्या थोडी पुढे नेऊन मागे आणा, म्हणजे ताण राहतो. अंगठी लंबगोल दिसली तरी चालेल. गोलाई झाळल्यावर.

फुंकणी: सांधा बरोबर असेल तर चूक आचेत आहे. तुम्ही झाळेच्या तुकड्यावर ज्योत धरताय. झाळ जिकडे जास्त तापलेलं तिकडे धावते, म्हणून ती एका बाजूला गेली.

टाकणखार पाण्यात दगडावर घासून दुधाएवढा दाट करा, सांध्यात आणि दोन्ही बाजूंना लावा. ज्योत लांबून, सगळ्या अंगठीवर फिरती. टाकणखार फुगतो, तेव्हा तुकडा उडतो. तो बसून काचेसारखा झाला की मगच जवळ या. सांध्याच्या समोरची बाजू आधी तापवा, मग सांध्याकडे. साधारण १ मिमीचा तुकडा पुरतो. तो सांध्याखाली ठेवून ज्योत वरून दिली की झाळ वर ओढली जाते. चकचकीत रेघ पळाली की टॉर्च लगेच बाजूला. ९२५ चांदी ८०० अंशांच्या आसपास वितळू लागते, हार्ड झाळ त्याच्या थोडीच आधी वाहते. रेंगाळलात तर अंगठीच जाईल.

आणि खाली काय ठेवलंय? लोखंडी पत्रा असेल तर सगळी उष्णता तोच खातो. कोळशाची वडी घ्या. चिमटाही सांध्याजवळ धरू नका.

रिकामी_मूस: पत्राच होता! तीच गोळी पुन्हा तापवली तर?

कानस_बारीक: नको. झाळेतलं जस्त जळून गेलंय, आता ती जास्त तापमानाला वितळेल. कापून काढा, नवा तुकडा घ्या. त्याआधी लिटरभर गरम पाण्यात ५०-६० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून अंगठी त्यात ठेवा, काळपट थर आणि टाकणखाराची काच निघते. लोखंडी चिमटा त्यात बुडवू नका, चांदीवर तांबूस थर बसतो. तुरटीचं गरम पाणीही चालतं.

सवागी: सुटी झाळ विकत घेताना 'कॅडमियम आहे का' एवढं विचाराच. केडीएम सोन्याच्या दागिन्यांच्या झाळेतलं तेच ते. कॅडमियम ७६७ अंशांना उकळतं आणि वाफ फुप्फुसं जाळते. खिडकी उघडली, पंखा लावला म्हणजे झालं असं नाही. ती झाळ घेऊच नका.

रिकामी_मूस: पॉलिशनंतरही राखाडी ढग राहतो, तोही टाकणखारामुळे का?

फुंकणी: नाही, ते आत गेलेलं तांब्याचं ऑक्साइड. आता कानस किंवा पॉलिश पेपरनेच निघेल. पुढच्या वेळी तापवण्याआधी बोरिक पावडर स्पिरिटमध्ये ढवळून अंगठी बुडवा, बाहेर काढा आणि तिच्यावरचं स्पिरिट पेटवून टाका. पांढरी साय बसते, तिच्यावरून टाकणखार. स्पिरिटची बाटली मात्र आधी झाकण लावून लांब ठेवा, मगच अंगठीवरचं पेटवा.