मदत हवी आहे: जोडवर्गात एकच टीव्ही, तो नेमका कुणासाठी लावायचा?

नमस्कार मंडळी,

मी डी.एल.एड.च्या (प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. आंतरवासितेसाठी सध्या यवतमाळ जिल्ह्यात, झरी जामणीकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत जाते. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, म्हणजे जोडवर्ग (एका शिक्षकाकडे एकाच वेळी अनेक इयत्ता), पट तिसाच्या आत. निम्म्याहून जास्त मुलं गावालगतच्या कोलाम पोडावरची (पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती). लोकवर्गणीतून शाळेला ४३ इंची टीव्ही मिळाला आहे आणि माझा प्रश्न त्याच्याबद्दलच आहे. लिखाण लांबेल, आधीच सांगते.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, म्हणजे कागदावर आमची शाळा अगदी नियमात बसते. पण सर केंद्रावर मीटिंगला गेले, प्रशिक्षणाला गेले किंवा ग्रुपवर आलेली कुठली तरी ‘लिंक’ भरत बसले, की चार वर्ग आणि एक माणूस. त्या वेळी टीव्ही लागतो. तिसरी-चौथी टीव्हीसमोर, पहिली-दुसरी माझ्यासमोर. खोलीत एकदम शांतता होते, आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला हे फार आवडलं होतं. कॉलेजात ‘माहिती तंत्रज्ञानाचे फायदे’ या उत्तरात आम्ही जे जे लिहितो त्यात हा फायदा कुठेच नसतो, पण शाळेत टीव्हीचा सगळ्यात जास्त उपयोग याच कामाला होतो. पोरं गप्प बसतात.

मला टोचतंय ते हेच. टीव्ही मास्तरांची अडचण सोडवतो, पोरांची सोडवतो का?

परवा शेतीवरचा एक व्हिडिओ लावला होता. त्यातलं शेत उसाचं, पाटाला पाणी भरपूर. आमची पोरं पऱ्हाटीतली, म्हणजे कापसाच्या शेतातली. ती निमूट बघत होती. मधेच आवाज गेला (रिमोटवर कुणीतरी बसलं होतं), आणि चित्र नुसतंच चालू राहिलं. तेवढ्यात पोरांची तोंडं सुटली. हे काय, ते काय, एवढं पाणी कुठून आणलं, यांच्याकडे वेचणीला कोण जातं. एकाने तर उठून कापूस वेचताना ओटी कशी बांधतात ते करून दाखवलं. निम्मं बोलणं कोलामीत होतं, मला कळलं नाही. चौथीतली एक मुलगी मधे बसून मला मराठीत सांगत होती आणि माझं बोलणं पहिलीच्या पोरांना कोलामीत. त्या मुलीने त्या अर्ध्या तासात जे काम केलं ते शाळेतलं कुठलंच यंत्र करत नाही.

तेव्हापासून मी मुद्दाम आवाज बंद करून व्हिडिओ लावते. मधे थांबवते, विचारते. पण हे करायचं तर मला टीव्हीपाशी उभं राहावं लागतं, आणि मग पहिली-दुसरीकडे कोण बघणार? म्हणजे फिरून पुन्हा तिथेच.

कॉलेजातल्या मैत्रिणींना विचारून पाहिलं. आमच्यातल्या बऱ्याच जणी आता पाठ टाचण चॅटजीपीटीकडून लिहून घेतात. टाचण सुरेख असतं, सगळ्यांचं सारखंच असतं, आणि त्यात हमखास एक वाक्य असतं: ‘विद्यार्थ्यांना इंटरनेटवर अधिक माहिती शोधण्यास सांगावे.’ आमच्या शाळेत नेटवर्क कडुनिंबाखाली येतं, तेही दुपारपर्यंत. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपवरचा व्हिडिओ उघडायचा तर एकजण फोन घेऊन झाडाखाली, बाकीचा वर्ग खिडकीत.

आणि असंही नाही की इथल्या पोरांना फोन माहीत नाही. असर या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीच्या २०२४ च्या अहवालात देशभरातल्या ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन चालवता येतो असं आहे. त्यांच्यापैकी आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरला असं सांगणारी ५७ टक्के आणि समाजमाध्यमांसाठी वापरला असं सांगणारी ७६ टक्के. आमची पोरं वयाने लहान, पण मोठ्या भावाच्या फोनवर रील बघणं त्यांना कुणी शिकवलेलं नाही. एका आजीने मला तोंडावर विचारलं, “मॅडम, पोट्टे घरीबी तेच पाह्यते, मंग शायेत कायले धाडाचं?” मी हसून वेळ मारून नेली. उत्तर अजून सापडलेलं नाही.

तर विचारायचं असं, की जोडवर्गात एक पडदा आणि एक शिक्षक असताना तुम्ही नेमकं काय करता? घरची भाषा वेगळी असलेल्या मुलांसाठी काही करून पाहिलंय का? आणि वीज. आमच्याकडे ती लहर लागेल तशी येते, आली तर दाब कमी-जास्त. इन्व्हर्टर घ्यावा का, किती मोठा? सर म्हणतात, तू चौकशी कर, वर्गणीचं मी बघतो.

---

जुना_खडू

ताई, मी बुलढाणा जिल्ह्यातला, निवृत्त. १९८७ ला ऑपरेशन ब्लॅकबोर्ड आलं तेव्हा नोकरीत नवा होतो. दोन खोल्या, दोन शिक्षक आणि साहित्याची पेटी, अशी ती योजना. पेटी छान होती: भिंग, चुंबक, नकाशे, खेळाचं सामान. बऱ्याच ठिकाणी ती कपाटात कुलूपबंद राहिली, कारण साठा रजिस्टरला नोंद होती आणि काही फुटलं तर मुख्याध्यापकाच्या अंगावर यायचं. तपासणीच्या दिवशी पेटी बाहेर, दुसऱ्या दिवशी आत. तुमचा टीव्ही निदान चालू तरी आहे.

जोडवर्गाचं सांगतो. दोन वर्गांना दोन वेगळे विषय देऊ नका, एकच विषय दोन पातळ्यांवर घ्या. ‘पाणी’ घेतलं तर पहिली-दुसरीने चित्र बघून नावं सांगायची, तिसरी-चौथीने त्यावर दोन ओळी लिहायच्या. मग टीव्ही सगळ्यांचा होतो आणि तुम्हाला दोन तोंडं करावी लागत नाहीत. व्हिडिओच्या आधी फळ्यावर एक प्रश्न लिहा. पाच-सात मिनिटांपेक्षा जास्त लावू नका. बंद केल्यावर पाटीवर उत्तर. त्या उत्तरांची तपासणी चौथीच्या पोरांनी पहिलीच्या पोरांजवळ बसून करायची. ती कोलामी बोलणारी मुलगी तुमची सहशिक्षिकाच समजा, पण रोज तिलाच उभं करू नका. तिचंही शिकायचं वय आहे.

---

फेज_न्यूट्रल

मी शिक्षक नाही, अमरावतीला इलेक्ट्रिकलचं काम करतो. विजेपुरतं सांगतो.

४३ इंची एलईडी टीव्ही साधारण ७० ते १०० वॅट खातो. प्रोजेक्टर असता तर २५०-३०० धरा, म्हणून टीव्ही मिळाला ते बरंच झालं. १२ व्होल्ट १५० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. बॅटरी टिकवायची तर त्यातली निम्मीच वापरायची, इन्व्हर्टरचा तोटा वजा करा, तरी टीव्ही एकटा असेल तर पाच-सहा तास आरामात चालेल. पंखे जोडायचा मोह टाळा. उन्हाळ्यात सकाळची शाळा असताना कुणीतरी हमखास जोडतं आणि बॅटरी दोन वर्षांत बसते.

पैशाचं म्हणाल तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून तीस पटापर्यंतच्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये संयुक्त अनुदान असतं. एकट्या बॅटरीलाही ते पुरायचं नाही आणि खडू-झाडूही त्यातूनच. वर्गणीच बरी.

इन्व्हर्टरच्या आधी एक काम करा, अर्थिंग तपासून घ्या. गावातल्या शाळांत वायर भिंतीपर्यंत येते आणि खाली मातीत काहीच नसतं. टीव्हीच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात का पोरांना विचारा, ती खरं सांगतील. मृगात-आर्द्रात विजा कडाडायला लागल्या की प्लग काढायचा, डिशची केबलही काढायची. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

नेटवर्क नसेल तर तालुक्याला गेल्यावर व्हिडिओ उतरवून पेन ड्राइव्हवर न्या. दीक्षा ॲपमधला मजकूरही डाउनलोड करून नंतर नेटशिवाय बघता येतो. पेन ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात जाणारच नाही, मग पेन ड्राइव्ह बिघडला म्हणून फेकू नका.

---

शंकेखोर_पालक

सगळे उपाय सांगताहेत, मी उलट बाजूने बोलतो. पेरू देशाने प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप या योजनेत लाखो लॅपटॉप वाटले. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये आला. गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. मग टीव्हीपायी गावाकडून वर्गणी काढायची, आता इन्व्हर्टरची काढायची, उद्या दुरुस्तीची. त्यापेक्षा त्याच पैशात वाचनालयाची पुस्तकं घ्या ना.

---

कोरकू_शेजारीण

शंकेखोर दादा, पेरूचं बरोबर आहे, पण ते अर्धंच. दिल्लीतल्या एका अभ्यासात, २०१९ ला छापून आला, शाळेनंतरच्या केंद्रात संगणकावर प्रत्येक मुलाला त्याच्या पातळीचाच अभ्यास दिला, सोबत माणसाकडून शिकवणीही होती, तर साडेचार महिन्यांत गणितात चांगलाच फरक पडला. आठवीत बसलेल्या पण चौथीचं गणित न येणाऱ्या मुलाला चौथीचं मिळालं, म्हणून. यंत्र दोन्हीकडे होतं, ते काय दाखवत होतं ते वेगळं होतं.

आता ताईंना. मी मेळघाटात शिकवते, माझ्याकडे कोरकू बोलणारी मुलं. पहिलीत आलेलं पोर माझं मराठी ऐकून नुसतं बघत राहायचं. मी जे केलं ते सांगते. एका मुलाच्या आजीला शाळेत बोलावलं, तिने गोष्ट सांगितली, फोनवर फक्त आवाज रेकॉर्ड केला. मुलांनी त्या गोष्टीची चित्रं काढली. चित्रांचे फोटो काढून त्यावर तो आवाज चढवला आणि टीव्हीवर लावला. साध्या फोनमध्ये होतं हे, फुकटच्या ॲपवर. दुसऱ्या वेळी तोच व्हिडिओ आवाज बंद करून लावला आणि मुलांना मराठीत सांगायला लावलं. आजीची गोष्ट तोंडपाठ, चित्रं स्वतःची, त्यामुळे मराठीचे शब्द शोधायला पोरं धडपडतात, गप्प बसत नाहीत. तुम्ही आवाज बंद करण्याचं जे केलंय ते याच वाटेवरचं आहे.

स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी मोफत आहेत, पीडीएफ उतरवून घेता येते, आणि हव्या त्या भाषेत आपण स्वतः भाषांतर करू शकतो. पोडावरच्या दहावी-बारावी झालेल्या एखाद्या पोराला बसवून दोन-तीन गोष्टी कोलामीत करून घ्या. देवनागरीत लिहा, तो वाचेल तसं. शुद्ध-अशुद्धच्या भानगडीत आत्ता पडू नका.

एक कळकळीची विनंती: मुलांचे चेहरे असलेले व्हिडिओ ग्रुपवर किंवा यूट्यूबवर टाकू नका, कुणी कितीही ‘उपक्रमाचा फोटो पाठवा’ म्हणालं तरी. आईबापांना विचारल्याशिवाय तर नाहीच. आदिवासी पोरांचे नाचाचे व्हिडिओ सगळ्यांना हवे असतात, त्यांच्या वाचनाचं कुणी विचारत नाही.

---

मूळ धागाकर्ती

सगळ्यांचे आभार.

जुना_खडू सर, एकच विषय दोन पातळ्यांवर हे आजच करून पाहिलं, ‘बाजार’ घेऊन. पहिलीने भाज्यांची नावं, चौथीने हिशेब. गोंधळ झाला, पण चारही वर्ग एकाच गोष्टीबद्दल भांडत होते, हे इथे आल्यापासून पहिल्यांदा पाहिलं. त्या मुलीचं तुम्ही बोललात ते लागलं. दुभाषीपणाची पाळी लावते आता, आणखी तिघांना दोन्ही भाषा बऱ्या येतात.

शंकेखोर दादा, तुमचा मुद्दा मी सरांना वाचून दाखवला. ते म्हणाले, वर्गणी देणाऱ्यांना भिंतीवर काहीतरी दिसायला हवं असतं, पुस्तकं कपाटात जातात. मला हे पटलं नाही. वर्गणी झालीच तर निम्मी पुस्तकांना मागणार आहे, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत त्या आजींनाही बोलवा म्हटलंय. त्या आल्या तर टीव्हीवाल्यांचं काही खरं नाही.

कोरकू_शेजारीण ताई, फक्त आवाज रेकॉर्ड करायचा हे सगळ्यात आवडलं. पोडावरच्या बायका कॅमेरा बघून तोंड फिरवतात, आवाजाला कदाचित हरकत नसेल. सध्या वेचणी चालू आहे, दिवसा घरी कुणी भेटत नाही, संध्याकाळी जाऊन विचारते. गोष्ट रेकॉर्ड करताना पोरं आजूबाजूला असू द्यायची की नंतर ऐकवायची? तुमचा अनुभव सांगा.

फेज_न्यूट्रल दादा, पोरांना विचारलं. मुंग्या येतात म्हणाली, आणि त्यांची पैजही लागते म्हणे, कोण जास्त वेळ हात ठेवतो म्हणून. टीव्ही बंद करून ठेवलाय. शाळेमागे अर्थिंगचा खड्डा आहे, पण वर गवत आणि माती एकदम कोरडी.

---

कोरकू_शेजारीण

पोरं असू द्या. समोर नातवंडं असली की आजी खुलते, फोनसमोर एकटी बसवली तर दोन वाक्यांत गोष्ट संपवते. मधे पोरं हसली-बोलली तर तेही राहू द्या, कापू नका.

---

फेज_न्यूट्रल

बंद ठेवलात ते उत्तम. पोरांना पैज बंद करायला सांगा, आधी तेच. नुसतं पाणी घालून समाधान मानू नका, वायर खालच्या पट्टीला किंवा पाइपला जोडलेली आहे का ते आधी बघावं लागेल. बऱ्याचदा गंजून तुटलेली असते. परवानाधारक वायरमन बोलवा, मीटर लावून मोजायला सांगा, आणि त्याने ‘चालतंय मॅडम’ म्हटलं तर आकडा विचारा. पाच ओहमच्या आत असेल तर बरं. ठीक झाल्यावर उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली पाणी खड्ड्यात, ते काम चौथीकडे द्या. फोटो काढून इथे टाकलात तर मीही बघतो.