मंडळाचे 4 लाख: आजारी मुलांच्या उपचाराला द्यावेत की संशोधनाला?

परळचा_गणू: यंदा डीजे रद्द केला, 4 लाख वाचले. मुलांच्या कॅन्सरसाठी द्यायचे इथवर एकमत. मी म्हटलं, संशोधनाला ग्रँट म्हणून देऊ, तर निम्मी बैठक अंगावर आली. उपचाराला देणारे मिळतात हो, चेक देतानाचा फोटो निघतो. संशोधनाला कोण देतो? 1948 मध्ये बॉस्टनच्या डॉ. फार्बर यांच्या एका छोट्या पेशंटसाठी रेडिओवरून आवाहन झालं, लोकांनी 2 लाख डॉलरच्या वर पाठवले. त्यातून मुलांच्या कॅन्सरवरच्या संशोधनासाठी जिमी फंड उभा राहिला. फार्बर ल्युकेमियावर, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरवर, जे औषध वापरत होते, ते आपल्या भारतीय शास्त्रज्ञ सुब्बारावांच्या टीमने बनवलेलं.

हिशेबनीस: बॉस्टन राहू द्या, टाटा कॅन्सर हॉस्पिटलसमोरच्या फुटपाथवर या. 2009 च्या सुमारास तिथे साधारण पाचात एक मूल उपचार घेतच नसे किंवा अर्धवट सोडून जाई. राहायची सोय, जेवण, औषधाचे पैसे आणि फोन करून मागे लागणारी माणसं मिळाली, तर काही वर्षांत हेच प्रमाण 5 टक्क्यांच्या खाली आलं. त्यासाठी नवं औषध शोधावं लागलं नाही. आणि 4 लाखांत कसलं संशोधन करणार? एखाद्या मशीनच्या वर्षाच्या देखभालीचा खर्चसुद्धा भागायचा नाही.

चतकोर_गोळी: माझ्या लेकाला ए.एल.एल., म्हणजे रक्ताचा कॅन्सर होता. त्यावरच्या 6-एमपी या औषधाची गोळी 50 मिलिग्रॅमची, त्याचा डोस त्याहून कमी. दीड वर्षं रोज रात्री पोळपाटावर ब्लेडने गोळीचे तुकडे केले. चुरा उडाला की डोळ्यांत पाणी यायचं, आज किती पोटात गेलं कोण जाणे. 2025 मध्ये टाटाने बंगळुरूच्या आयडीआरएस लॅब्जबरोबर याचं पातळ औषध आणलं. हे संशोधनच ना? पेशंट मुलं मोजकी, म्हणून मोठ्या कंपन्या असल्या कामात पडत नाहीत.

हिशेबनीस: ताई, तुमच्यापुढे काय बोलणार. पण ते टाटाने केलं, आमच्या मंडळाने नाही.

एडिसनकर: इकडे न्यू जर्सीत मुलांच्या कॅन्सर संशोधनाला पैसे देणाऱ्या सेंट बाल्ड्रिक्स संस्थेसाठी लोक टक्कल करून घेतात, ओळखीचे त्याबद्दल देणगी देतात. 50-100 डॉलर एकत्र होतात, शास्त्रज्ञ अर्ज करतात, तज्ज्ञ निवडतात. थेंबे थेंबे तळे, अजून काय? मी पाठवू का मंडळाला थोडे?

हिशेबनीस: अजिबात नको! एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय परदेशी पैसा घेता येत नाही. 2020 पासून तर नोंदणी असलेल्या संस्थेलाही तो पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. नोंदणी असलेल्या हॉस्पिटलला थेट पाठवा. तुमचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर गोष्ट वेगळी.

परळचा_गणू: भारतीयच आहे त्याचा, माझा मावसभाऊ तो. बरं, औषधाच्या अख्ख्या चाचणीचा खर्च नको. एका चालू अभ्यासातल्या डेटा लिहिणाऱ्या मुलीचा वर्षाचा पगार देऊ. देण्याआधी एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सीटीआरआय, म्हणजे अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला नंबर बघू, वर्षअखेर पैसे त्याच कामाला लागल्याचं युटिलायझेशन सर्टिफिकेट मागू. चालेल?

हिशेबनीस: कागद मी तपासून देतो. रविवारी हात मात्र विरोधातच वर करणार.