पूर चढत असताना कंपनीनं माझं खातं सात दिवस अडवलं. एवढा अधिकार त्यांना असावा का?

शाडूमाती (बापट कॅम्प)

आम्ही कोल्हापूरच्या बापट कॅम्पातल्या कुंभार वसाहतीतले. गणपती करणं हाच धंदा, आजेसासऱ्यांपासून. जुलैत रंगकाम निम्म्यावर आलेलं असतं आणि नेमकी तेव्हाच पंचगंगा चढायला लागते. शाडूची मूर्ती भाजलेली नसते, वाळवलेली असते. पाण्यात राहिली की तिचा परत चिखल. २०१९ ला आणि २०२१ ला राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, त्यात आमचं काय झालं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको.

२०२१ नंतर मी एका मोठ्या समाजमाध्यमावर पान काढलं. दर तासाला बंधाऱ्याची पातळी, राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले, कुठल्या बोळात पाणी कुठवर आलं, एवढंच त्यावर टाकायचं. ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, हे सगळ्यांना पाठ आहे. पण आम्हाला फुटांपेक्षा वेग कळावा लागतो. तासाला इंच वाढतंय की तीन इंच, त्यावर टेम्पो आज बोलवायचा की उद्या ते ठरतं. मूर्ती एकदम उचलता येत नाहीत. आधी मोठ्या, मग ओल्या रंगाच्या, मग पाटावरच्या लहान, आणि प्रत्येक फेरीला चार माणसं लागतात.

२०२४ च्या जुलैत पाणी धोक्याच्या वर जात होतं तेव्हा मी तोच मजकूर गल्ल्यांच्या, तरुण मंडळांच्या आणि तालमींच्या मिळून बावीस गटांत टाकत होते. रात्री सव्वाअकराला फोनवर आलं: वारंवार तोच मजकूर टाकल्यामुळे तुमच्या खात्यावर सात दिवस मर्यादा. पानावर लिहिता येईना, कुणाला उत्तर देता येईना. फेरविचाराचं बटण दाबलं. चार मिनिटांत उत्तर आलं, 'आम्ही तपासले, निर्णय कायम आहे.' चार मिनिटांत कुठल्या माणसानं काय तपासलं असेल?

आमच्या मागच्या बोळातली एक म्हातारी बाई आणि तिचा मुलगा पान बघूनच हलायचे. त्या रात्री त्यांना वाटलं, ताईनं काही टाकलं नाही म्हणजे पाणी थांबलंय. सकाळपर्यंत खालच्या फळीवरचे सगळे गणपती गेले. ती मला काही बोलली नाही. तेच मला जास्त लागलं.

दोन वर्षं झाली, पाऊस परत तोंडावर आलाय. कंपनीची जागा आहे, नियम कंपनीचे, हे मला समजतं. पण सगळं गाव ज्या एका जागेवर येऊन बसलंय, तिथं कुणाचं तोंड कधी बंद करायचं हे एकट्या कंपनीनं ठरवावं का?

मंगळवार पेठ, सध्या हिंजवडी

ताई, वाचून वाईट वाटलं. मी अशा कंपन्यांच्या मजकूर तपासायच्या कामातलाच आहे, म्हणून दुसरी बाजू सांगतो. एकच मजकूर, वीस-बावीस गट, तासातासाला. खोट्या नोकरीच्या जाहिराती आणि कर्जाच्या अॅपचे सापळे लावणारेही अगदी असंच करतात. यंत्राला हेतू दिसत नाही, खूण दिसते. ती खूण पकडणं बंद केलं तर आठवड्याभरात तुमच्या बावीस गटांत पुराची एक ओळ शोधायला शंभर जाहिराती ओलांडाव्या लागतील.

आणि २०१९ आठवा. 'धरण फुटलं' असा निरोप माझ्या आईच्या फोनवर पाच ठिकाणांहून आला होता. आई गुडघ्याचं दुखणं घेऊन रात्रभर जिन्यात बसून होती. तो निरोप कुणीतरी अडवायलाच हवा होता.

अमेरिकेत टेक्सास आणि फ्लोरिडानं २०२१ मध्ये कायदे केले की मोठ्या कंपन्यांनी लोकांचा मजकूर असा अडवायचा नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १ जुलै २०२४ ला दोन्ही प्रकरणं खालच्या कोर्टांकडे परत पाठवली, पण बहुमतानं हेही सांगितलं की कुठला मजकूर दाखवायचा याची निवड करणं हे संपादकाच्या कामासारखंच आहे, ती कंपनीची अभिव्यक्ती आहे. मला हे पटतं. सरकारनं कंपनीला 'हे दाखवच' म्हणायला सुरुवात केली तर ते कुठं थांबेल?

शाडूमाती (बापट कॅम्प)

दादा, तुमच्या आईचं वाचून गलबललं. तो निरोप अडवावा, यात माझं दुमत नाहीच.

पण संपादकाचं मला पटत नाही. पेपरात माझं पत्र आलं नाही तर मी भाऊसिंगजी रोडला जाऊन विचारू शकते, समोर माणूस असतो. नाही ऐकलं तर दुसऱ्या पेपरला देते. इथं दुसरीकडं जायचं म्हणजे बावीस गट, पाच वर्षांत जोडलेली माणसं, सगळं सोडून जायचं. तेही रात्री सव्वाअकराला, पाणी दारात असताना.

आणि यंत्राचंच म्हणत असाल तर राधानगरीकडं बघा. धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात, कुणाच्या परवानगीसाठी थांबत नाहीत. एका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी सुटतं. पण दरवाजा उघडला की कितव्या नंबरचा, किती वाजता, किती क्युसेक, हे लगेच नदीकाठच्या गावांना कळवलं जातं. पाणी आमच्यापर्यंत यायला काही तास लागतात आणि तेवढ्या वेळात आम्ही हलतो. यंत्रानं काम केलं म्हणून आम्ही कधी तक्रार केली नाही. माझं खातं अडवणाऱ्या यंत्रानं मात्र कुठल्या ओळीमुळे अडवलं ते सांगितलं नाही, आणि आधी सूचनाही दिली नाही. 'बावीसऐवजी दहा गटांत टाका' एवढं म्हटलं असतं तरी मी ऐकलं असतं.

राजारामपुरी सातवी गल्ली

मी शिक्षिका आहे. माझं म्हणणं तुमच्या उलटं आहे, रागावू नका. माझ्या मते कंपन्या अडवतात ते कमीच.

जून २०२३ मध्ये आपल्या शहरात काय झालं? काही मुलांच्या स्टेटसवरून वातावरण पेटलं, ७ जूनला बंद, दगडफेक, लाठीमार, आणि मग सरकारनं इंटरनेटच बंद केलं. माझ्या वर्गात दोन्हीकडची मुलं होती. शाळा परत भरली तेव्हा एकमेकांच्या बाकावर बसायला तयार नव्हती. आठवीची मुलं! वर्षानुवर्षं एकच डबा खाणारी. शाहू महाराजांच्या गावात हे बघायची वेळ आली. त्या पोस्ट पसरायच्या आधी अडवल्या गेल्या असत्या तर पूर्ण जिल्ह्याचं इंटरनेट बंद करायची पाळी आली नसती. पूर्ण इंटरनेट बंद झालं तेव्हा दवाखान्याची चौकशी, गावाकडच्यांशी बोलणं, फोनवरून पैसे देणं, सगळंच गेलं ना?

शाडूमाती (बापट कॅम्प)

बाई, रागावत नाही. त्या दिवसांत आम्हीही दारं लावून बसलो होतो. भडकवणारं अडवावंच, आणि वेळेत अडवावं. पण माझी पातळीची ओळ त्याच चाळणीत अडकली आणि सोडवायला कुणी नव्हतं, एवढंच माझं दुखणं आहे.

कसबा बावडा, वकिली

कायद्याचं सांगतो, कारण पुष्कळ लोकांना हे माहीतच नसतं.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ मुळे लोकांच्या मजकुराची जबाबदारी कंपनीवर येत नाही, पण ठरावीक काळजी घेतली तरच. ती काळजी २०२१ च्या नियमांत लिहिलेली आहे. भारतात ५० लाखांच्या वर नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमाला जास्त अटी आहेत. भारतात राहणारा तक्रार अधिकारी नेमायचा. नियमभंग म्हणून कंपनी आपण होऊन मजकूर काढणार असेल तर आधी कारणासह कळवायचं आणि बाजू मांडायची संधी द्यायची. तुमच्या पुराच्या वेळी तक्रारीची पोच २४ तासांत आणि निकाल १५ दिवसांत अशी मुदत होती. त्यावर समाधान झालं नाही तर ३० दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं. या समित्या २०२३ पासून चालू आहेत, वकील लागत नाही.

२०२२ च्या दुरुस्तीत आणखी एक वाक्य घातलंय: कंपनीनं राज्यघटनेतल्या कलम १४ (समानता), १९ (अभिव्यक्ती) आणि २१ (जीवन आणि स्वातंत्र्य) च्या हक्कांचा आदर ठेवायचा. कलम १९ मूळ सरकारविरुद्ध. पण कौशल किशोर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये बहुमतानं म्हटलं की १९ आणि २१ चे हक्क सरकार नसलेल्यांविरुद्धही मागता येतात. खासगी कंपनीच्या खात्याला ते कसं लावायचं हा वादाचा मुद्दा. पण असा वाद घेऊन आता मुंबई गाठायला नको, ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आपल्याकडंच आहे.

तुम्ही तक्रार अधिकाऱ्याकडे लिहिलं होतं का? ते फेरविचाराचं बटण म्हणजे ही तक्रार नव्हे.

शाडूमाती (बापट कॅम्प)

नाही सर, बटण म्हणजेच तक्रार असं मला वाटलं होतं. आता ती वेळ गेली.

पण तक्रारीला तेव्हा पंधरा दिवस होते आणि अपिलाला आणखी वेळ, असं पुरासाठी कसं चालेल? चार दिवसांत पाणी उतरतं. उत्तर येईपर्यंत आमच्या अंगणात गाळ काढायचं काम चालू असतं. मूर्ती वाचवायला मिळते एक रात्र, फार तर दोन.

हिंजवडीच्या दादांना एक विचारायचं आहे. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षानं पावसाळ्याआधी अशा पानांची यादी कंपन्यांना दिली, तर यंत्र अडवायच्या आधी माणसाकडं पाठवेल असं करता येतं का?

मंगळवार पेठ, सध्या हिंजवडी

तांत्रिक अडचण काहीच नाही ताई. काही खात्यांचा निर्णय यंत्राऐवजी आधी माणसाकडं जावा अशी सोय करता येते. कुणीतरी मागितलं पाहिजे. एक अट: यादी पुरापुरतीच ठेवा, नाहीतर उद्या पुढाऱ्यांची पानं त्यात घुसतील. आणि बावीस गटांत टाकताना प्रत्येक वेळी वेळ आणि पातळी पहिल्या ओळीत घ्या, म्हणजे मजकूर एकसारखा दिसणार नाही.

शाडूमाती (बापट कॅम्प)

घेते. पुढाऱ्यांचं बरोबर आहे, ते अर्जात घालते.

जिल्हाधिकारी कार्यालयाला द्यायचा अर्ज आज रात्री लिहिते आणि उद्या इथं टाकते. वकील सर, नियमांचे नंबर चुकले तर सांगा. बाई, भडकाऊ मजकुराबद्दलचं तुमचं म्हणणं त्यात कसं बसवायचं ते तुम्हीच लिहून द्या, मला तेवढं नीट जमणार नाही. चिखली, आंबेवाडी आणि सुतारवाड्यातलं कुणी असं पान चालवत असेल तर पानाचं नाव कळवा. मागच्या बोळातल्या त्या मावशींना मी साधा फोन करायचं ठरवलंय, दर दोन तासांनी.